प्रती तीन, वाचणारा कोण?



या व्याख्यानमालेत आजवर तुम्ही संतांवर ऐकलंत, इतिहासावर ऐकलंत, कापसाच्या भावावरही ऐकलंत. आज तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेला माणूस घरच्या संगणकाच्या बॅकअपवर बोलणार, हे पत्रिकेत वाचून दोघातिघांनी आम्हाला फोन केला. छपाईची चूक तर नाही ना, असं त्यांनी विचारलं. चूक नाही. विषय आम्हीच निवडला आहे, आणि का निवडला तेही पुढे सांगू.

समोर दोन प्रकारचे श्रोते दिसतात. मागच्या रांगांत तरुण मंडळी आहेत. घरातल्या कपाटात चार-चार डिस्क जोडून ठेवणारी, पासवर्ड किती लांब असावा यावर तासभर वाद घालू शकणारी. पुढच्या रांगांत आमच्या वयाचे लोक आहेत. त्यांचा फोन नातू ‘सेट करून’ देतो आणि मग सहा महिने कोणी त्याला हात लावत नाही. आजचं बोलणं दोघांसाठी आहे, पण आमची तक्रार मात्र मागच्या रांगांशी आहे.

आज आम्हाला एका नियमाची समीक्षा करायची आहे. पुस्तकाची करतात तशीच. नियमाचं नाव ‘तीन-दोन-एक’. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकारानं 2005च्या सुमारास डिजिटल फोटो सांभाळण्यावरच्या आपल्या पुस्तकातून तो लोकप्रिय केला. नियम असा: महत्त्वाच्या प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती असाव्यात, त्या किमान दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांतली एक प्रत घराबाहेर असावी. संगणकाचे हौशी लोक हा नियम पाढ्यासारखा म्हणतात.

समीक्षकानं आधी गुण सांगावेत, अशी आमच्या पिढीची रीत आहे. तर गुण बघू. तीन प्रती का? कारण डिस्क ही मर्त्य वस्तू आहे. आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा 45च्या वर जातो. दुपारी वीज जाते, येते, येताना झटका देते. फिरती डिस्क अशानं कधी बसेल सांगता येत नाही. नवीन प्रकारची डिस्क, म्हणजे एसएसडी, ती विजेचा भार साठवून माहिती धरून ठेवते. ती वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिली तर तो भार हळूहळू झिरपतो, आणि उन्हाळ्यात जास्त वेगानं झिरपतो. दोन प्रकारची साधनं का, तेही यातच आलं. एकाच जातीच्या दोन वस्तू एकाच कारणानं मरतात. आणि एक प्रत बाहेर का? एकाच टेबलावरच्या तीन डिस्क म्हणजे चोराच्या आणि आगीच्या दृष्टीनं एकच डिस्क.

या नियमाचे भाष्यकार आणखी एक गोष्ट सांगतात, तीही खरी आहे. 12 मे 2017 रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर प्रोग्रॅम जगभर पसरला. तो संगणकातल्या फायली कुलूपबंद करायचा आणि किल्लीसाठी पैसे मागायचा. इंग्लंडातल्या सरकारी रुग्णालयांची कामं त्यानं अडवली. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं दोन महिने आधी, मार्चमध्येच दिली होती. लोकांनी ती घेतली नव्हती. असा प्रोग्रॅम संगणकाला सतत जोडून ठेवलेल्या डिस्कलाही सोडत नाही. म्हणून एक प्रत वायर काढून बाजूला ठेवलेली हवी. तसंच, फोनमधले फोटो क्लाउडवर आपोआप जातात म्हणजे बॅकअप झाला, हाही भ्रमच. इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं. आरशातली प्रतिमा ही प्रत नसते.

इथपर्यंत नियमाशी आमचं भांडण नाही. आता दोष.

आमचे एक स्नेही होते. नाव सांगत नाही. तीस वर्षं त्यांनी वऱ्हाडी बोलीतले शब्द गोळा केले. बाजारात, एसटीत, लग्नाच्या पंगतीत, जिथे शब्द कानावर पडेल तिथे ते खिशातलं कार्ड काढत. शब्द, अर्थ, कोण बोललं, कुठल्या गावात, कशावरून बोललं, असं सगळं त्या कार्डावर. निवृत्तीनंतर ते संगणक शिकले आणि शिकले ते असे की आम्ही थक्क झालो. सगळी कार्डं त्यांनी स्वतः टंकलिखित केली. मग कार्डं रद्दीत दिली, कारण आता सगळं ‘सुरक्षित’ होतं. तीन-दोन-एक तंतोतंत पाळलेलं. एक प्रत संगणकात, एक बाहेरच्या डिस्कवर, एक क्लाउडवर. तिन्ही कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट केलेल्या. पासवर्ड कुठेही लिहिलेला नाही, कारण पासवर्ड लिहू नये असंच सगळीकडे सांगतात.

ते गेले त्याला आता चार वर्षं झाली. तेराव्यानंतर वहिनींनी आम्हाला बोलावलं आणि डिस्क पुढ्यात ठेवली. म्हणाल्या, “भाऊजी, यात त्यांचे शब्द आहेत म्हणतात. काढून द्या.” आम्ही जाणकारांना दाखवली. डिस्क ठणठणीत होती. एकही अक्षर खराब झालेलं नव्हतं आणि एकही अक्षर वाचता येत नव्हतं. क्लाउडवर शिरावं तर तपासणीचा क्रमांक त्यांच्या मोबाइलवर जायचा. रिचार्ज कोण करणार म्हणून घरच्यांनी तो मोबाइल तसाच ठेवून दिला होता. काही महिन्यांनी क्रमांक बंद झाला. असा क्रमांक पुढे दुसऱ्या कोणाला दिला जातो.

आता नियमाला विचारा, या माणसाचं कुठे चुकलं? नियम म्हणेल, कुठेच नाही. तीन आहेत, दोन आहेत, एक आहे. आमचा आक्षेप नेमका इथे आहे. हा नियम प्रती मोजतो, वाचणारा मोजत नाही.

आमच्या शास्त्रात याला एक जुनी परिभाषा आहे, ती थोडक्यात सांगतो. न्यायदर्शनात अनुभव आणि स्मृती यांच्यामध्ये ‘संस्कार’ नावाची गोष्ट मानली आहे. अनुभव येतो, जातो आणि आत्म्यावर ठसा ठेवतो. हा ठसा झोपलेला असतो. तो आहे एवढ्यानं आठवण होत नाही. त्याला जागं करणारं काहीतरी लागतं: सारखी दिसणारी वस्तू, एखादा वास, कोणी उच्चारलेलं नाव. त्या जागं करणाऱ्याला नैयायिक ‘उद्बोधक’ म्हणतात. संस्कार आणि उद्बोधक दोन्ही मिळाले तर स्मृती. बॅकअप हा फक्त संस्कार आहे. किल्ली, ती फाइल उघडणारा प्रोग्रॅम, ती उघडायची आहे हे माहीत असलेला माणूस, हे सगळे उद्बोधक. आमच्या स्नेह्यांकडे संस्कार तीन होते आणि उद्बोधक एकच, तो म्हणजे ते स्वतः. आपल्याकडे हे सगळं आधीच होतं, असं म्हणण्याचा आमचा हेतू नाही, बरं का. गौतम मुनींनी हार्ड डिस्क पाहिली नव्हती. पण कुठलंही साठवण म्हणजे आठवण नव्हे, हा भेद त्यांच्या परंपरेनं स्पष्ट केला, तो आज कामाचा आहे.

आता आपण थोडं मागे आणि थोडं पश्चिमेला जाऊ. अमरावती जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. तेराव्या शतकात, 1278च्या सुमारास, म्हाइंभटांनी तिथे चक्रधरस्वामींच्या आठवणी लिहून काढल्या. ज्यानं लीळा पाहिली त्याला गाठायचं, त्याच्याकडून ऐकायचं, दुसऱ्याशी पडताळायचं, अशी त्यांची पद्धत होती. तेच आपलं ‘लीळाचरित्र’. परंपरा सांगते की यादवांचं राज्य बुडालं त्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली. एकच प्रत, एकाच ठिकाणी, आणि बाहेरून धाड. तीन-दोन-एकवाले म्हणतील, बघा, आमचं ऐकलं नाही!

पण ग्रंथ गेला नाही. तो काही लोकांना पाठ होता. हिराइसांसारख्या अनुयायांच्या मुखोद्गत पाठांवरून तो पुन्हा लिहिला गेला. त्यामुळे लीळाचरित्राचे निरनिराळे पाठ तयार झाले, ते एकमेकांशी शब्दशः जुळत नाहीत आणि संशोधकांच्या पिढ्या त्यात गुंतल्या. आपल्या नागपुरात ह. ना. नेने यांनी 1930च्या दशकात त्याचे भाग संपादित केले. पुढे आपल्या विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले वि. भि. कोलते यांची संपादित आवृत्ती 1978 साली साहित्य संस्कृती मंडळानं काढली. प्रत अचूक राहिली नाही, ग्रंथ मात्र राहिला. आमच्या स्नेह्यांच्या घरी याच्या बरोबर उलट झालं. तिथे प्रत अचूक राहिली आणि ग्रंथ गेला.

इथे मागच्या रांगेतून कुलपाबद्दल विचारणा होईल. तर कुलूपही महानुभावांनी लावलं. चौदाव्या शतकापासून त्यांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहायला सुरुवात केली. सगळ्यांत प्रचलित ती सकळ लिपी. नागरीतल्या एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर किंवा चिन्ह, असा तिचा साधारण बांधा. आजच्या हिशेबानं कुलूप अगदीच साधं, पण त्यानं काम केलं. पंथाचे मठ पंजाबपर्यंत आणि त्याही पलीकडे पसरले, मराठी पोथ्या तिकडे गेल्या. म्हणजे घराबाहेरची प्रतसुद्धा झाली. आणि बाहेरच्या मराठी जगाला या ग्रंथांत काय आहे ते शतकानुशतकं कळलं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाडे, वि. ल. भावे यांच्या पिढीनं सकळ लिपीचा उलगडा केला, तेव्हा मराठी गद्याचा केवढा ठेवा आपण वाचलाच नव्हता ते समजलं.

यातून कुलूप वाईट, असा निष्कर्ष काढू नका. तो घाईचा होईल. महानुभावांच्या कुलपाला परंपरा होती. गुरू शिष्याला पोथी देई तशी लिपीही देई. किल्लीलाही पिढ्या होत्या. म्हणून पंथाच्या आत वाचन कधी थांबलं नाही. पंथाबाहेरच्यांनी मात्र त्या कुलपाची किंमत मोजली. आपण घरी लावतो त्या कुलपाचं गणित त्यांच्या शतपट अवघड आहे, पण किल्लीला पिढी नाही. ती एका डोक्यात असते आणि त्या डोक्याबरोबर जाते. अनेक नव्या संगणकांवर तर आता डिस्कचं कुलूप आपोआप लागतं. विंडोजच्या कुलपाची सुटकेची किल्ली 48 आकड्यांची असते. आपल्या घरच्या संगणकाला असं कुलूप आहे की नाही आणि ते 48 आकडे कुठे आहेत, हे आज किती जणांना सांगता येईल? हात वर करा. बघा, मागच्या रांगेतसुद्धा चारच.

दुसरा दोष लिपीचाच, पण न लावलेल्या कुलपाचा. आम्ही स्वतः 1990च्या दशकात पुष्कळ लेखन संगणकावर केलं. फायली आजही आहेत. उघडल्या की पडद्यावर रोमन अक्षरांची भाजी दिसते. कारण त्या काळचे मराठी फॉन्ट रोमन अक्षरांच्या खणांत देवनागरीचे तुकडे भरायचे. काना एका खणात, अर्धा ‘र’ दुसऱ्या खणात. प्रत्येक कंपनीची खणांची वाटणी वेगळी. फॉन्ट गेला की अर्थ गेला. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचं सरकारी प्रमाण 1991 साली आलं, युनिकोडचा पहिला खंडही त्याच वर्षीचा. पण घराघरांत मराठी युनिकोड रुळायला पुढची दहा-पंधरा वर्षं गेली. त्या मधल्या काळात मराठी माणसानं घरी, छापखान्यात, शाळेत जे लिहिलं त्यातलं बरंच असं न लावलेल्या कुलपात पडून आहे.

मोडीचं काय झालं आठवा. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कागद व्यवस्थित आहेत. रियासतकार सरदेसाईंनी 1930च्या दशकात त्यांतून निवडून 45 भाग छापले. उरलेला ढीग कागदाच्या अभावी अडलेला नाही, वाचणाऱ्यांच्या अभावी अडलेला आहे. मोडी वाचणारा माणूस तयार व्हायला वर्षं लागतात. म्हणून ‘दोन प्रकारची साधनं’ या कलमात आम्ही दुरुस्ती सुचवतो. साधन दोन प्रकारचं हवंच, पण रूपही दोन प्रकारचं हवं. जे खरोखर मोलाचं आहे ते एकदा साध्या युनिकोड मजकुरात ठेवा आणि एकदा कागदावर छापून ठेवा. छापील कागदाला पासवर्ड विचारावा लागत नाही आणि अद्ययावतही करावं लागत नाही.

आता मुख्य आक्षेपाकडे येऊ. तो आमच्या एका माजी विद्यार्थ्यानंच घेतला. म्हणाला, “सर, तुम्ही म्हणता तसं घरच्यांना पासवर्ड सांगत सुटलं तर सुरक्षा कसली?” प्रश्न योग्य आहे. त्याला आम्ही उलट विचारलं, शत्रू कोण आहे? तू कुलूप कोणाविरुद्ध लावतोस? आमच्या वयाच्या लोकांना आज लुटलं जातं ते डिस्क फोडून नाही. फोन येतो. समोरचा पोलीस अधिकारी असल्याचं सांगतो, ‘डिजिटल अरेस्ट’ झाली म्हणतो. अशी अटक कायद्यात नाहीच. किंवा लग्नाची पत्रिका म्हणून व्हॉट्सअॅपवर एक फाइल येते, तिच्या शेवटी ‘एपीके’ ही अक्षरं असतात आणि ती उघडली की फोन परक्याच्या ताब्यात जातो. तिथे कुलूप कितीही मोठं असो, मालक स्वतःच दार उघडून देतो. भीतीनं, संकोचानं, एकटेपणानं. घरात कोणाला विचारता आलं असतं तर यातले कितीतरी लोक वाचले असते. म्हणजे घरच्यांवरचा विश्वास हा सुरक्षेतला भोकाचा भाग आहे, असं गृहीत धरणारं शास्त्र अर्धवट आहे. बऱ्याच वेळा तो विश्वासच भिंत असतो. फसवणूक झालीच तर 1930 हा क्रमांक आहे. लाज न वाटू देता लगेच फिरवा, कारण पैसे पुढे सरकण्याआधी अडवता आले तर तिथेच.

तरीही विद्यार्थ्याचा प्रश्न संपत नाही, कारण माणसाला खाजगीपण हवं असतं आणि असायलाच हवं. इथे आम्हाला एक भेद करावासा वाटतो. ‘गुप्त’ म्हणजे माझ्याशिवाय कोणीच पाहू नये. ‘खाजगी’ म्हणजे मी ज्याला म्हणेन त्यानंच पाहावं. संगणकाचं कुलूप हा भेद ओळखत नाही. ते सगळ्याला गुप्त करून टाकतं. नातवाच्या बारशाचे फोटो, विम्याचे कागद, तीस वर्षांचे शब्द आणि एखादी कोणाला न दाखवलेली डायरी, सगळं एकाच तिजोरीत. हा भेद मालकानंच करायचा असतो.

म्हणून तीन ढीग करा. पहिला, जो आपल्याबरोबर जावा. त्याला हवं तेवढं मोठं कुलूप लावा आणि किल्ली कोणालाही देऊ नका. तो तुमचा हक्क आहे. दुसरा, जो आपल्यानंतर विशिष्ट माणसाला उघडता यावा. त्याची किल्ली कागदावर लिहून, लखोटा बंद करून, बँकेच्या लॉकरमध्ये किंवा विश्वासू माणसाकडे ठेवा. गूगलनं 2013पासून अशी सोय दिली आहे की ठरावीक महिने खातं वापरलं गेलं नाही तर तुम्ही नेमलेल्या माणसाला तुम्ही ठरवलेली माहिती मिळते. अॅपलनंही 2021मध्ये वारसदार नेमण्याची सोय आणली. या सोयी जिवंतपणीच कराव्या लागतात. आणि गूगलच्या नियमानुसार दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं पुसलं जाऊ शकतं, हेही लक्षात असू द्या. तिसरा ढीग, ज्याला कुलपाची गरजच नव्हती. आमच्या स्नेह्यांचे शब्द या तिसऱ्या ढिगातले होते. लोकांकडून घेतलेले शब्द लोकांपासून लपवायचं कारणच काय? पण ढीग केले नाहीत, म्हणून सगळंच गुप्त झालं.

आणि तीन-दोन-एकच्या पुढे आमचा आणखी एक आकडा जोडा. वर्षातून एकदा, समजा दिवाळीच्या साफसफाईत, बॅकअपमधून एक फाइल परत काढून बघायची. पण तुम्ही नाही काढायची. घरातल्या दुसऱ्या कोणी काढायची आणि तुम्ही हाताची घडी घालून शेजारी बसायचं. बोलायचं नाही. बायको, मुलगा, सून, भाचा, कोणीही. त्यांना डिस्क सापडली, कुलूप उघडलं, फाइल दिसली आणि वाचता आली, तर बॅकअप आहे. नाही तर तुमच्याकडे चांगल्या स्थितीतली डिस्क आहे, एवढंच. ही परीक्षा हौशी माणसाला फार जड जाते, आम्ही पाहिलं आहे. आपण बांधलेलं यंत्र आपल्याशिवाय चालावं, हे हौशी माणसाला मनातून नकोच असतं.

विषय का निवडला ते सांगतो म्हणालो होतो. गेल्या वर्षी आमच्या स्नेह्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीचा वर्ध्याहून फोन आला. मुद्रित तपासायला म्हणून सरांनी तिला एकदा छापील कागद दिले होते. ते तिच्या ट्रंकेत निघाले. समासात पेन्सिलीनं तिच्या खुणा, काही ठिकाणी सरांच्या दुरुस्त्या. ‘अ’पासून ‘न’पर्यंतचे शब्द आहेत. ‘काऊन’ आहे. ‘पोट्टं’ नाही, ‘भैताड’ नाही. हे शब्द तुम्हाआम्हाला माहीत आहेत हो, पण ते कोणत्या म्हातारीनं कोणत्या गावी कशावरून उच्चारले, ते गेलं. ती विद्यार्थिनी, वहिनी आणि आम्ही, असे तिघं मिळून ते कागद आता पुन्हा टंकलिखित करतो आहोत. युनिकोडमध्ये, बिनकुलपाचे. ‘ग’पर्यंत आलो आहोत.

डिस्क वहिनींनी अजून जपून ठेवली आहे. टाकून द्या म्हणायचं धाडस आम्हाला झालेलं नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ.